सुई नसलेला सूचिपर्णी

पत्तनंतिट्टाच्या बसस्थानकावर मी पहाटे साडेपाचला पोचलो, तर माझ्याआधी वीसेक माणसं तिथे उभी. गवीमार्गे कुमळीला जाणारी केरळच्या एसटीची बस इथून सुटते आणि खिडकीची जागा हवी असेल तर झोपमोड करावीच लागते. बहुतेकांच्या गळ्यात कॅमेरे होते. गवीला लोक जातात ते धरणं, ढग आणि नशिबात असेल तर हत्ती पाहायला. मी चाललो होतो एका झाडाला भेटायला.

खरं तर ही दुसरी भेट. दोन वर्षांपूर्वी मी त्याच झाडाखाली उभा राहून डबा खाल्ला होता. पानं जाड, तकतकीत, टोकाला निमुळती. जांभळाच्या नात्यातलं काही असेल असं वाटलं, एक फोटो काढला आणि पुढे गेलो. घरी आल्यावर तो फोटो मोठा करून पाहिला आणि अडखळलो. पानाला मधली शीरच नव्हती. आंबा, फणस, जांभूळ, वड, कुठलंही पान हातात घ्या, देठापासून टोकापर्यंत एक ठळक शीर जाते आणि तिला दोन्ही बाजूंनी फांद्या फुटतात. इथे तसं काहीच नाही. देठातून एकदम बारीक बारीक रेघा निघाल्या होत्या, पानभर एकमेकींच्या बरोबरीने धावल्या होत्या आणि टोकाशी पुन्हा जवळ आल्या होत्या. ज्वारीच्या पानावरच्या रेघा डोळ्यांपुढे आणा आणि त्यातली मधली जाड शीर काढून टाका, म्हणजे कल्पना येईल.

पुस्तकं चाळली तेव्हा कळलं की मी ज्याखाली डबा खाल्ला ते झाड देवदार आणि चीड यांच्या गोतातलं होतं. अख्ख्या भारतीय द्वीपकल्पात आपणहून वाढणारा हा एकमेव कोनिफर. मल्याळममध्ये त्याला निरंपल्ली म्हणतात, तमिळमध्ये निरंबली. शास्त्रीय नाव नागेइया वालिचियाना. जुन्या पुस्तकांत ते पोडोकार्पस या नावाखाली सापडतं. त्या नावांची गोष्ट पुढे येईलच.

बस अंगमूळी गावापर्यंत रबराच्या बागांतून जाते. त्यानंतर कोच्चांडीला वनखात्याची चौकी लागते. खाजगी गाड्यांची संख्या इथे मोजून सोडतात, एसटीला मात्र रोजचा परवाना. चौकी ओलांडली की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंच्या फांद्या खिडकीतून आत येतात आणि बसमधली बडबड आपोआप खाली येते. मूळियारपाशी डोंगरावरून उतरणारे पाण्याचे अजस्र नळ दिसतात. शबरीगिरी जलविद्युत प्रकल्पाचे हे नळ, १९६६ सालापासून चालू असलेल्या प्रकल्पाचे. त्याच्यासाठी बांधलेल्या कक्की आणि आनत्तोड या धरणांच्या माथ्यावरूनच बस जाते. एका बाजूला निळं-काळं पाणी, दुसऱ्या बाजूला दरी, आणि पाण्याच्या काठापर्यंत उतरलेलं रान.

हे रान सह्याद्रीचंच आहे, याची मराठी माणसाला इथे स्वतःलाच आठवण करून द्यावी लागते. आपल्याकडे सह्याद्री म्हणजे कातळ, कडे, किल्ले आणि उन्हाळ्यात पिवळं पडणारं गवत. महाबळेश्वर, भीमाशंकर, आंबोली इथलं सदाहरित रान आपल्याला घनदाट वाटतं आणि ते आहेही, पण उंचीने ते बसकं. हीच डोंगररांग केरळात उतरते तेव्हा पावसाळा लांबतो, कोरडे महिने कमी होतात आणि झाडं उंच उंच जातात. कुलेनिया, पालाक्वियम, नागचाफा यांचे बुंधे सरळ वर गेलेले, फांद्या पार वरच्या मजल्यावर. या राईत एक कोनिफर लपून बसलेला आहे, आणि तो लपू शकतो याचं कारण त्याचं पान.

गवी सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे. गाव म्हणावं एवढी वस्ती नाही. वेलदोड्याचा मळा, मजुरांच्या चाळी, एक तळं आणि पर्यटकांसाठी वनविकास महामंडळाची निवासव्यवस्था. जंगलात पायी जायचं तर महामंडळाचा वाटाड्या सोबत लागतो. माझ्याबरोबर आलेले गृहस्थ साठीच्या घरातले. मी त्यांना अण्णा म्हणू लागलो, ते मला सर. त्यांचे आईवडील श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यातले तमिळ मजूर. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर अशी हजारो कुटुंबं भारतात परत पाठवली गेली. त्यांतली काही गवीच्या वेलदोड्याच्या मळ्यावर वसवली गेली. अण्णा लहानपणी इथे आले आणि हे रान त्यांना पाठ आहे. मल्याळम, तमिळ आणि कामापुरतं हिंदी. आमचं बोलणं या हिंदीतून आणि बरंचसं बोट दाखवून चाललं.

मी म्हटलं, "अण्णा, निरंपल्ली दाखवा."

ते थोडे थबकले. "लोग हाथी पूछता है, सर," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. त्यांच्या चालण्याला मात्र वेग आला होता.

नोव्हेंबर होता, ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. पायवाट ओली, जळवा भरपूर. अण्णांनी माझ्या मोज्यांना तंबाखूचं पाणी चोळलं होतं, तरी दर दहा मिनिटांनी खाली वाकून पाहावं लागत होतं. अर्ध्या तासाने ते एका बुंध्यापाशी थांबले. उंची पंचवीस मीटरच्या आसपास असावी. आग्नेय आशियात हीच जात पन्नास मीटरपर्यंत जाते, इथे एवढी वाढत नाही. साल तपकिरी, बऱ्यापैकी गुळगुळीत, कुठे कुठे पातळ खवले सुटलेले. चिडाच्या खोडाला असतो तसा राळेचा वास नाही, चिकट ओघळ नाहीत. या कुलातल्या झाडांच्या लाकडात राळेच्या नलिका नसतातच.

खाली पडलेलं एक पान अण्णांनी उचलून माझ्या हातात ठेवलं. बोटाएवढं रुंद, वीतभराहून थोडं कमी लांब. मी ते उन्हाकडे धरलं आणि दोन वर्षांपूर्वी फोटोत पाहिलेल्या त्या रेघा प्रत्यक्ष दिसल्या. मोजायला लागलो, तीसच्या पुढे गेल्यावर डोळे दुखू लागले. फांदीवर पानं समोरासमोरच्या जोड्यांनी येतात. एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर पुढची दक्षिण-उत्तर, अशी त्यांची मूळ मांडणी. पण प्रत्येक पान आपला देठ पिळून घेतं आणि सगळी एकाच पातळीत आडवी होतात. दाट रानात वरून झिरपणारा उजेड तळहातावर झेलावा तशी. हा पिळलेला देठ मला त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या गोष्टींत सुंदर वाटला.

आता आपल्या भाषेची अडचण. कोनिफर या शब्दासाठी मराठीत सर्रास वापरला जाणारा शब्द सूचिपर्णी, म्हणजे सुईसारखी पानं असलेला. हिमालयातल्या चिडाला तो चपखल बसतो. निरंपल्लीच्या पानात सुई शोधून सापडणार नाही. विश्वकोशाच्या परंपरेतला दुसरा शब्द शंकुमंत, शंकू धारण करणारा. या झाडाच्या मादीला देवदाराच्या शंकूसारखं काहीही लागत नाही. म्हणजे दोन्ही शब्द या झाडाशी आले की तोकडे पडतात. आणि उलट पाहा. अलिबाग, काशीद, दिवेआगरच्या किनाऱ्यावर आपण ज्याला सुरूचं बन म्हणतो, त्या सुरूला सुयाही आहेत आणि हातात मावतील असे टोचरे शंकूही. लहानपणी आपण सगळ्यांनी ते वेचले आहेत. पण सुरू कोनिफर नाही. त्याच्या त्या सुया म्हणजे हिरव्या डहाळ्या, खरी पानं म्हणजे सांध्यांवरचे बारीक खवले, आणि तो शंकू म्हणजे फळांचा झुबका. सुरू फुलं येणाऱ्या वनस्पतींतला, वड-जांभळाच्या बाजूचा. जे पाइनसारखं दिसतं ते पाइन नाही, आणि जे जांभळासारखं दिसतं ते जांभूळ नाही.

तर मग ठरवायचं कशावरून? बीवरून. शाळेच्या पुस्तकात अनावृतबीजी हा शब्द आपण पाठ करतो आणि विसरतो. निरंपल्लीपाशी उभं राहिल्यावर त्या शब्दाचा अर्थ लागतो. आंब्याची कोय गरात असते आणि तो गर फुलातल्या अंडाशयाच्या भिंतीपासून बनलेला असतो. बी बंद खोलीत वाढते. अनावृतबीजी झाडात फूल नाही, अंडाशय नाही, त्यामुळे खोलीही नाही. बी उघड्यावर, एखाद्या खवल्याच्या आधाराने वाढते. देवदारात असे अनेक खवले एकमेकांवर रचले जातात आणि शंकू होतो.

निरंपल्लीत नर झाड वेगळं, मादी वेगळी. नर झाडावर पानाच्या बगलेत लांबट, अळीच्या आकाराचे परागशंकू गुच्छाने येतात. मादी झाडावर एका छोट्या देठाच्या टोकाशी साधारणपणे एकच बी धरते. देवदारात बीला खालून आधार देणारा जो खवला असतो तोच इथे बीभोवती पूर्ण गुंडाळला जातो आणि मांसल होतो. त्यामुळे पिकलेली बी जांभळट, गोल, दीडेक सेंटीमीटर व्यासाची बोरासारखी दिसते. तिच्या खालचा देठाचा भागही फुगतो आणि तिला पाय असल्यासारखं होतं. पोडोकार्पस या नावाचा ग्रीक अर्थच पाय असलेलं फळ. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ते फळ नव्हे. पाखरांना हा फरक कळण्याचं कारण नाही. मांसल दिसतं, ते खातात, बी दूर नेतात. लाकडी शंकू आणि वाऱ्यावर उडणाऱ्या पंखधारी बिया सोडून देऊन या कुलाने पाखरांशी सोयरीक केली, आणि वारा पोचत नाही अशा दाट रानाच्या पोटात त्याला ती उपयोगी पडली असावी.

त्या दिवशी पिकलेल्या बिया मिळाल्या नाहीत. पालापाचोळा चाळताना अण्णांना मागच्या मोसमाची एक वाळलेली बी सापडली, टणक, सुरकुतलेली. ती पाहून आम्ही पुन्हा पालापाचोळ्यात ठेवली.

दुपारी तळ्याकाठी बसलो असताना मी वहीत त्या झाडाच्या नावांची वंशावळ पुन्हा एकदा मांडली. मला ती एखाद्या कादंबरीइतकी आवडते.

सुरुवात जपानमध्ये होते. तिथे या झाडाची एक सख्खी बहीण आहे, जपानी नाव नागी. नारा इथल्या कासुगा देवस्थानाच्या परिसरात नागीचं एक जुनं रान आजही राखलेलं आहे. तिचं पान इतकं चिवट की आडवं फाडू म्हटलं तर फाटत नाही, म्हणून टिकाऊ नात्याची खूण म्हणून बायका ते जवळ ठेवत. लिनियसचा शिष्य कार्ल थुनबर्ग १७७५ साली जपानात पोचला, त्याने हे झाड पाहिलं आणि १७८४ मध्ये त्याला मिरिका नागी असं नाव देऊन टाकलं. मिरिका म्हणजे आपल्या कायफळाचा वंश. लिनियसच्या तालमीत तयार झालेल्या माणसालाही पानाने चकवलं, हे वाचून मला माझ्या जांभळाचं वाईट वाटेनासं झालं.

१७८८ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योझेफ गेर्टनरने बिया आणि फळांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात या झाडासाठी नागेइया हा नवा वंश केला. नागीवरून नागेइया. गेर्टनर पान पाहत नव्हता, तो बिया कापून पाहणारा माणूस होता, आणि हे झाड वेगळं आहे एवढं त्याने बरोबर ओळखलं. पण गोंधळ संपला नाही. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या विल्यम रॉक्सबर्गने पुत्रंजीवालाही याच नागेइयात बसवलं. हा पुत्रंजीव म्हणजे ज्याच्या बियांच्या माळा मुलांच्या गळ्यात घालतात तोच, रस्त्याकडेला लावला जाणारा. तो चक्क फुलझाड. त्याला बाहेर काढून स्वतंत्र वंश दिला तो रॉक्सबर्गनंतर त्याच उद्यानाची धुरा वाहणाऱ्या नाथानिएल वॉलिचने.

वॉलिच डेन्मार्कचा, पेशाने वैद्य. डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला १८०७ मध्ये आला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं कोलकात्याच्या उद्यानाचा प्रमुख राहिला. आपल्या झाडाचं वर्णन त्याने १८३० मध्ये आशियातल्या दुर्मीळ वनस्पतींवरच्या ग्रंथात केलं आणि नाव दिलं पोडोकार्पस लॅटिफोलियस, रुंद पानाचा पोडोकार्पस. नाव अगदी योग्य, पण पाच वर्षांपूर्वीच दक्षिण आफ्रिकेतल्या एका झाडाला ते देऊन झालं होतं. एका नावाची दोन झाडं शास्त्राला चालत नाहीत, आधीचं नाव राहतं. प्रागच्या कारेल प्रेस्लने १८४० च्या दशकात ही चूक दुरुस्त केली आणि वॉलिचच्या सन्मानार्थ पोडोकार्पस वालिचियानस असं नाव ठेवलं. स्वतः दिलेलं नाव गेलं आणि स्वतःचंच नाव झाडाला लागलं.

पुढे १८९१ मध्ये ओटो कुंट्झ नावाच्या जर्मन विद्वानाने हट्ट धरला की गेर्टनरचं नागेइया हे नाव जुनं, तेव्हा सगळे पोडोकार्पस नागेइयात घाला. त्याने तसं छापूनही टाकलं. इतरांनी ते मानलं नाही. पोडोकार्पस हे नाव नियमात खास अपवाद करून राखलं गेलं आणि आपलं झाड पुन्हा पोडोकार्पस झालं. १९६९ मध्ये डेव्हिड डी लॉबेनफेल्सने समोरासमोरच्या पानांच्या जातींना डेकुसोकार्पस असा वेगळा वंश दिला. त्यानंतर १९८७ मध्ये त्यानेच फेरविचार करून मधली शीर नसलेल्या, अनेक समांतर शिरांच्या जाती एकत्र केल्या आणि गेर्टनरचं दोनशे वर्षांपूर्वीचं नाव त्यांना परत दिलं. कुंट्झचा मूळ आग्रह अमान्य होऊनही या एका झाडापुरतं त्याने छापलेलं नाव उभं राहिलं. आज ज्याला आपण नागेइया वालिचियाना म्हणतो ते कुंट्झच्या १८९१ च्या पानावरचं.

वर्गीकरण म्हणजे कंटाळवाणी लॅटिन यादी असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही साखळी एकदा पाहावी. दर वेळी कोणीतरी झाडाकडे नव्याने पाहिलं आहे. कधी पान, कधी बी, कधी पानांची मांडणी. आता गुणसूत्रांतल्या रेणूंचे पुरावे आले आहेत आणि त्यांनी नागेइया हा वंश वेगळाच ठेवला आहे. त्यात पाच-सहा जाती आहेत आणि सगळ्या आशियातल्या. १९९२ मध्ये चीनमधून तर या वंशासाठी वेगळं कुलच काढण्याची सूचना आली होती. ती बहुतेकांनी स्वीकारली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. पानाच्या शिरांवरून कुल तोडणं म्हणजे पुन्हा पानाच्याच नादी लागणं.

नागेइयाचं कुल पोडोकार्पेसी. त्यात सुमारे १८० ते १९० जाती आहेत, आणि पाइनच्या कुलाखालोखाल कोनिफरांतलं हे सर्वांत मोठं कुल. फरक हा की पाइन उत्तर गोलार्धाचे, तर ही मंडळी मुख्यतः दक्षिणेची. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, न्यू कॅलेडोनिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिकेचे डोंगर आणि आग्नेय आशियाची बेटं. नात्याने पाहिलं तर देवदार निरंपल्लीचा लांबचा भाऊबंद. जवळचं नातं अरौकेरियाशी. पुण्या-मुंबईच्या बंगल्यांपुढे मजल्यामजल्याने फांद्या फुटलेलं, मनोऱ्यासारखं जे झाड असतं, ज्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात, ते अरौकेरिया. त्याच कुलातला अगाथिस बंगळूरच्या लालबागेत पाहायला मिळतो, आणि त्याचं पानही मधली शीर नसलेलं, समांतर रेघांचं. दोन वेगळी कुलं उष्ण प्रदेशाच्या दाट रानात आली आणि दोघांनीही पान रुंद करण्याची एकच युक्ती काढली.

ही युक्ती का लागली, हे संध्याकाळी तळ्यावरून परतताना पायाखालच्या अंधारातच समजत होतं. चार वाजले होते आणि वाटेवर दिवेलागणीचा उजेड. अशा सावलीत सुईसारखं पान उजेड गोळा करू शकत नाही. फुलझाडांच्या पानात शिरांचं जाळं असतं, पाणी कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं, म्हणून ते पान हवं तेवढं रुंद होऊ शकतं. कोनिफरांकडे असं जाळं नाही. बहुतेकांच्या पानात एकच शीर, त्यामुळे पान तिच्यापासून फार दूर पसरू शकत नाही. नागेइयाने जाळं विणलं नाही, एकीच्या जागी अनेक शिरा शेजारी शेजारी घातल्या आणि पान रुंद केलं. म्हणून उष्ण प्रदेशातल्या सदाहरित रानात, जिथे फुलझाडांनी सगळी जागा व्यापली आहे, तिथे हा एक कोनिफर टिकून आहे.

रात्री पाऊस आला. पत्र्यावर तो वाजत असताना मला नागपूरची टाकळी आठवली. आता ती शहराचाच भाग झाली आहे. तिथल्या दगडात कोनिफरांच्या शंकूंचे जीवाश्म सापडले आणि बिरबल साहनींनी १९३१ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका वंशाला टाकळीवरूनच टाक्लिओस्ट्रोबस असं नाव आहे. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातले हे अवशेष, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचे. ते शंकू निरंपल्लीच्या पूर्वजांचे होते असा दावा कोणी करत नाही. पण आज ज्या महाराष्ट्रात रानात आपणहून उगवणारा एकही कोनिफर नाही, तिथे लाव्हाच्या काळात कोनिफर होते, ही गोष्ट विदर्भातल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे.

निरंपल्लीचा नकाशाही विचार करायला लावतो. दक्षिण सह्याद्रीत ती अगस्त्यमलय, तिरुनेलवेलीचे डोंगर, पेरियार आणि गवीचा हा परिसर अशा मोजक्या ठिकाणी आहे. मग मोठी पोकळी. तेलंगण नाही, ओडिशा नाही, मध्य भारत नाही. पुन्हा भेटते ती थेट ईशान्येला, आसाम-मेघालयाच्या बाजूला, आणि निकोबारात. तिथून म्यानमार, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया करत न्यू गिनीपर्यंत तिचा मुलूख सलग पसरलेला. मधल्या शेकडो कोसांत एकेकाळी ओलं सदाहरित रान होतं आणि हवामान कोरडं होत गेलं तसं ते तुटलं, असं अनेक अभ्यासक मानतात. सह्याद्रीत अशी तुटलेली इतर झाडंही आहेत. म्हणून जागतिक यादीत ही जात आज चिंतेची नसली, तरी त्याने इथल्या झाडांचा धोका कमी होत नाही. बोर्निओतली हजार झाडं गवीच्या एका झाडाची जागा भरून काढत नाहीत. नर आणि मादी वेगळे असल्याने एकट्या झाडाला बी धरत नाही, जवळ जोडीदार असावा लागतो. रस्ता रुंद करताना, धरण बांधताना किंवा मळा वाढवताना दहा झाडांतली चार गेली, तर उरलेल्या सहांतली किती बी धरतील हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी आणखी एक झाड दाखवलं, रस्त्याच्या अगदी कडेला. त्याच्याखाली हातभर उंचीची दोन रोपं होती. पान तेच, रेघा त्याच, देठ तसाच पिळलेला. अण्णांनी रोपांभोवतीचा प्लॅस्टिकचा कचरा वेचून खिशात घातला. बाटल्यांची झाकणं, चिप्सची पाकिटं, एक प्लॅस्टिकचा चमचा. मीही वाकलो. हे काम त्यांच्या नेमून दिलेल्या कामात नाही, पण ते रोज करतात.

वंडिपेरियारकडे जाणारी बस दुपारी आली. वळ्ळक्कडवुची चौकी सुटली आणि चहाचे मळे लागले, एकसारखे छाटलेले, उन्हात चमकणारे.

तुम्ही गवीला गेलात तर वाटाड्याला निरंपल्ली विचारा. तो थांबेल तिथे खाली पडलेलं एक पान उचला, उजेडाकडे धरा आणि मधली शीर शोधून पाहा. पाहून झालं की पान तिथेच ठेवा. पेरियार व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीतून पानसुद्धा बाहेर न्यायचं नसतं.